संगीताच्या गोधड्या आणि खर्चाच्या पावत्या

मी बोलतो कमी, त्यामुळे किस्से माझ्याकडे साठून राहतात. थंडीत कुणी जुनी गोधडी अंगावर ओढली की एकेक आठवायला लागतो.

शेजारची सून संगीता दोन हजार सातच्या सुमाराला इंटरनेटवर गोधड्या विकायला लागली. ऑर्डर ती पौडच्या सायबर कॅफेत जाऊन बघायची, आमच्या माले गावातल्या बायका शिवायच्या आणि मी एसटीनं पार्सल पौडच्या पोस्टात नेऊन टाकायचो. शिवणाऱ्यांत माझी बायको हिराही होती.

पहिल्याच वर्षी टॅक्सच्या वकिलांनी संगीताला बजावलं, "विक्री सगळी बँकेत दिसते. खर्चाचा कागद दाखवाल तेवढा वजा होईल, उरलेल्यावर टॅक्स. कागद नाही, तर खर्च नाही." तेव्हापासून आमच्या मागे पावत्या लागल्या.

*

एसटीचा कंडक्टर गावचाच. माझ्या पार्सलाचे पैसे तो कधी घ्यायचा नाही. एकदा मी त्याला म्हणालो, "बाबा, पैसे घे, पण लगेजचं तिकीट दे."

त्याचा चेहरा उतरला. "आबा, कुणी माझी तक्रार केली का?"

मी त्याला खर्च वजा होण्याचं समजावत राहिलो, तोवर पौड आलं. तिकीट दिलं त्यानं, पण चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आता तो रिटायर झालाय. दिसला की मीच आधी हाक मारतो.

*

पौडच्या दुकानदाराकडे दोऱ्याचं बिल मागितलं. त्याच्याकडे आजवर कुणी बिल मागितलंच नव्हतं. त्यानं खूश होऊन सगळंच लिहून दिलं: दोरा, सुया, आबांची तंबाखू.

वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोरा चालेल. सुया चालतील. तुम्ही चालणार नाही."

*

विजेच्या बिलातला धंद्याचा वाटाही वजा होतो म्हणे. त्यासाठी घरातली किती जागा कामाला जाते, ते सांगायचं होतं. संगीता टेप घेऊन मधली खोली मोजत होती. सासू तिथंच पडलेली. बराच वेळ बघून म्हणाली, "मी हितंच निजते. मला कशात धरलंय? घरात का धंद्यात?"

संगीतानं टेप गुंडाळली आणि भिंतीपासून सासूच्या अंथरुणापर्यंतच धंदा लिहिला. म्हातारी आता नाही. त्या जागी अजून कुणी गोधड्यांचा गठ्ठा ठेवत नाही.

*

खरी अडचण झाली मजुरीची. संगीता बायकांना शिलाईचे पैसे ओटीत घालायची. खण, नारळ, तांदूळ आणि वर पाकीट. वकिलांना प्रत्येकीची सही नाहीतर अंगठा हवा होता. तो नसेल तर ते पैसेही संगीताचीच कमाई धरले जाणार. तेवढा टॅक्स भरल्यावर पुढच्या कापडाला काही उरणार नव्हतं.

बायका ऐकेनात. हिरा तर सरळच म्हणाली, "वटीत घेतलं त्याचा अंगठा द्यायचा? ती काय परकी हाय?"

संगीता मजुरीच्या कोऱ्या पावत्या आमच्या पडवीत ठेवून निघून गेली.

थोड्या वेळानं हिरानं मला विचारलं, "अंगठा न्हाई दिला तर काय हुईल?"

"बंद पडंल समदं," मी म्हणालो.

ती सुईत दोरा ओवत बसली. दोरा ओवला जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जणी संगीताच्या घरी गेल्या. आधी तिला पाटावर बसवून प्रत्येकीनं तिची ओटी भरली. मग हिरा म्हणाली, "आता आण कागद."

ते कागद मीच पौडला नेऊन दिले. अंगठे शाईचेच होते. पण कुठं हळद लागलेली, कुठं कुंकू, आणि एका कागदाला तांदळाचा दाणा चिकटलेला. वकिलांनी ते एकेक करून पाहिले. मग त्यांनी टेबलाखाली पायातल्या चपला काढल्या आणि पहिला कागद फाइलीला लावला.