बुरख्यातला सहावा

आमचा दादा पोलिसात होता, पण आयुष्यात त्यानं साधा पाकीटमारही पकडला नव्हता. त्याचं काम टेबलावरचं. हजेरीपट, रजेचे अर्ज आणि टोळी पकडली की वार्ताहरांसाठी पत्रक टाइप करणं.

मात्र त्याच्या मिशा जबरदस्त. वर्तमानपत्रातल्या फोटोत पुढे बुरखा घातलेले आरोपी आणि मागे पोलीस, ही ठरलेली रीत. ज्यांनी खरी धरपकड केलेली असायची, ते बिचारे घामानं आणि धुळीनं ओळखू यायचे नाहीत. मग साहेब इस्त्रीच्या वर्दीतल्या दादाला मधोमध उभं करायचे.

आई प्रत्येक फोटो कापून ठेवायची आणि शेजारणींना दाखवायची. खरं सांगितलं तर आपण तिच्या नजरेतून उतरू, या धास्तीनं दादा अकरा वर्षं गप्प बसला. मिशा एवढ्या आणि धीर एवढासा!

त्या दिवशी पत्रकात सहा आरोपी छापून झाले आणि ऐन वेळी सहाव्याच्या पोटात कळ उठली. त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. बाहेर कॅमेरे सुरू झालेले.

"पाच दाखवले तर एक पळाला म्हणून बोंब मारतील," साहेब म्हणाले. "मागच्या रांगेत एक कमी चालेल, पुढच्या रांगेत नाही. तू वर्दी उतरव."

दादानं चहावाल्याचा शर्ट चढवला आणि बुरखा घातला.

घरी आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. मागच्या रांगेत दादा दिसेना. एवढ्यात पुढच्या रांगेतला शेवटचा गुंड उजव्या पायानं डावी पोटरी खाजवू लागला. घाबरला की दादा लहानपणापासून हेच करतो. आई ताडकन उठली.

ठाणं दोन गल्ल्या सोडून. मी चप्पल शोधेपर्यंत ती तिथं पोचून पोराचा बुरखा ओढत होती. "सोडा माझ्या लेकाला! मुंगी मारायची हिंमत नाही त्याच्यात!"

कॅमेरे तिच्याकडे वळले. साहेबांनी खुलासा केला नाही, कसा करणार? दुपारपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर एकच बातमी: 'म्होरक्याच्या आईचा ठाण्यात आक्रोश'.

घरी आल्यावर दादानं मान खाली घालून सगळं सांगितलं. मला त्याची कीव आली आणि रागही.

"म्हणजे तू कुणाच्या मागे धावत नाहीस?" आईनं विचारलं.

"नाही."

"दिवसभर खुर्चीत?"

"हो."

आई मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. दादा कावराबावरा झाला. "आई, चुकलं माझं. तुला कमीपणा—"

"कमीपणा गेला खड्ड्यात! अकरा वर्षं दार वाजलं की माझ्या पोटात गोळा येतो, कुणी तुझी वाईट बातमी घेऊन आलं की काय म्हणून. मेल्या, आधी का नाही सांगितलंस?"