जंतूचं नाव कळलं तो रविवार

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गोठ्याचा उडालेला पत्रा बसवणं. हिचं बोट कापलं. मी पत्रा सोडायला लागलो तर म्हणाली, "धरा तो नीट. बोट माझं हाय, तुमी कशाला कळवळताय?" जखमेत हळद भरली, घरात उरलेल्या कसल्या तरी गोळ्या गिळल्या. पुढं तापानं फणफणली, मला ओळखेना. आमच्या कान्हे गावाहून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, जंतू रक्तात गेलेत. औषध अंदाजानं चालू आहे, पण नेमका कुठला जंतू ते कळायला हवं. नेहमीच्या तपासणीत तो वाढवून बघतात, त्याला दिवस जातात. यांनी गोळ्या खाल्ल्यात, कदाचित वाढणारही नाही. दुसरं एक यंत्र आहे, ते रक्तातला जंतूचा अंश ओळखून काही तासांत नाव सांगतं. पण ते पुण्यात."

रविवार होता. रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबलेला. मूलबाळ आम्हाला नाही, आणि हिला सोडून माझा पाय निघेना. रक्ताच्या नळीचा डबा घेऊन नुसता उभा राहिलो. शेजारच्या खाटेवर वलवणची एक म्हातारी होती. तिचा मुलगा उठला, ओळख ना पाळख. "जय भीम, आबा. द्या हिकडं. लोकलनं जातो." म्हातारी म्हणाली, "जा रं. मी काय पळून चाललेय व्हय?"

मग नुसतं बसणं. हिचा श्वास वर जाई, तो खाली येईपर्यंत माझा अडके. भैरोबाला म्हणालो, बाकी काही नको, हिला वाचव.

दिवस कलायच्या आत फोन आला. नाव कळलं, औषध बदललं. संध्याकाळी हिनं डोळे उघडले. "म्हशीला पाणी दावलं का?" मी व्हय म्हणालो. "तोंड बघा तुमचं. बसा जरा."

पण मूत्रपिंडं आधीच गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ही गेली. मी देवाशी लय भांडलो. आयुष्य मागितलं, एक संध्याकाळ दिली. पण तेवढी नसती तर ती मला न ओळखताच गेली असती. ती संध्याकाळ त्यानं कुणाच्या हातून पाठवली ते मी पाहिलंय. बाकीचं त्याचं त्याच्यापाशी.

सुतकात देवळात जाता येत नाही. ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दवाखान्यात गेलो. म्हातारीचा मुलगा कामावर गेला होता. मी दारातच थांबलो. "मला सुतक हाय, बाई."

"आमाला न्हाई तसलं काय, भाऊ. बस हितं."

तिच्या उशाशी पेजेची वाटी तशीच निवत होती, भरवायला कुणी नव्हतं. मी वाटी घेतली आणि तिला पेज भरवली.