तोरणमाळची लाह

"शिकलेल्या मुलानं आपला मुलूख तरी पाहावा," असे म्हणून वडिलांनीच चैत्रात शहाद्याहून बैलगाडी ठरवून दिली. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच.

घाटाच्या पायथ्याशी गाडीवानाने बैल सोडले. "बी.ए. पास व्हयनात, आते हाऊ डोंगर पास करा, भाऊ!" म्हणत तो झाडाखाली आडवा झाला.

वर तोरणमाळला मोहाचा गोडसर वास भरून राहिला होता. गावच्या ओळखीने रेंजरसाहेबांच्या तंबूत उतरलो. पावरा लोकांच्या पाड्याचे कारभारी (गावप्रमुख) तिथेच चहा घेत होते. दोघांत ठराव होता: राखीव जंगलातला मोह आणि गवत पाड्याने न्यावे, बदल्यात जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी साफ केलेला पट्टा) झाडून ठेवावी. आग आत शिरली, तर रान बंद.

दुपारी धूर दिसला. फुले वेचायला सोपे जावे म्हणून मोहाखालची पाने जाळण्याची जुनी रीत होती. ठरावाने ती थांबली होती, तरी कोणीतरी काडी लावली होती. ढोल वाजला. बायका-पुरुष हिरव्या फांद्या घेऊन धावले. कोट फेकून साहेबही त्यांच्यात शिरले, मागोमाग मी. आग विझली, पण त्याआधी जाळरेषा ओलांडून तिने बांबूचे एक बेट खाल्ले होते.

"कोणी लावली, कारभारी?" साहेबांनी विचारले. कारभारी हातातल्या फांदीची राख झटकू लागले. "मघाशी सगळे दरीपार ओरडत होतात. आता गळे बसले?"

तेवढ्यात रेली नावाची एक म्हातारी उठली आणि आपल्या झोपडीकडे गेली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

कारभारी हळूच म्हणाले, "साहेब, ही लाह झाली. एकाच्या कामाला सगळे धावले. ज्याचं काम, त्यानं जेवू घालायचं. आता मला नाव विचारू नका."

सगळे साहेबांकडे पाहत राहिले. रान बंद झाले, तर पाड्याने उन्हाळा काढायचा कशावर?

साहेबांनी बूट काढले आणि ते रेलीच्या अंगणात पंगतीला बसले. उडदाच्या डाळीचा घास घेऊन म्हणाले, "बुढीमाय, मीठ फार झालंय!"

"हात कापत होता, साहेब," रेली खाली मान घालून म्हणाली. पंगत हसली.

"उद्या जाळरेषा रुंद करायची. ती लाह माझी. जेवण माझ्या तंबूवर."

"मग आचाऱ्याला आजच सांगा," कारभारी म्हणाले, "आम्ही लाजत जेवत नाही."

दुसऱ्या दिवशी मीही विळा चालवला. शहाद्याला परतलो तेव्हा तळहातांवर फोड होते. घरी सर्वांनी तोरणमाळच्या तलावाबद्दल विचारले, आणि तोच पाहायचा राहिला होता. रान सरकारचे की पाड्याचे, हा वाद मी पुस्तकांत वाचला होता. ते राखणाऱ्यांना एका पंगतीत पाहता आले, याबद्दल वडिलांचे उपकार मानतो.