शनिवारचा खून

एकच मालिका वर्षानुवर्षं पाहिली की तिच्यातले खून विसरायला होतात, पण ती पाहताना घडलेले किस्से साठत जातात. कुणी भिशी चालवतं, कुणी भजनी मंडळ. आम्ही तिघी दर शनिवारी संध्याकाळी अकोल्यात कुसुमताईंच्या घरी बसून खून पाहतो. यंदाचा सीझन अर्ध्यावर आलाय आणि लोक म्हणतात, आता पुरे करा. का म्हणून?

*

कथा ताणलीय, हे आम्हालाही दिसतं. इन्स्पेक्टरची बायको पुन्हा पळवली गेली, तेव्हा आमच्यातली नलिनी तिच्यावरच चिडली, "हे बाई घरी काहून नाही बसत?" पण बाहेरच्यांनी नावं ठेवलेली आम्हाला खपत नाहीत.

नलिनीचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, एवढ्याशा गोष्टीले किती ताणून राहिले ते!"

नलिनी म्हणाली, "तुही इंजिनिअरिंग तू किती ताणली होती? आमी पाह्यलीच ना शेवटपर्यंत?"

*

कुसुमताईंचे यजमान अण्णा वकील. त्यांना मालिका मुळीच आवडत नसे. "असा पुरावा कोर्टात टिकत नाही," म्हणत दारात उभे राहून पूर्ण भाग पाहायचे.

एकदा अमरावतीला लग्नाला गेले आणि मालिकेच्या वेळेला घरात हजर. कुसुमताईंनी विचारलं, "जेवले का?"

"पंगत लांबली होती."

"मंग?"

"डॉक्टरले पकडलं काय?"

*

मालिकेतल्या डॉक्टरला खुनाच्या आरोपाखाली पकडलं होतं. अण्णांचं ठाम मत, डॉक्टर निर्दोष आहे. खटला उभा राहिला तसे अण्णा टीव्हीतल्या वकिलाला झापू लागले, "उलटतपासणी अशी घेतेत का बे?"

निकालाचा भाग यायचा होता, आणि अण्णा गेले.

तेरवी झाली. मी आणि नलिनीने ठरवलं, शनिवारी माझ्याकडे बसू, कुसुमताईंना सांगायचंच नाही. त्यांना कळलंच. फोन आला, "माह्या घरचा माणूस गेला. टीव्ही नाही गेला." मग म्हणाल्या, "ह्याईनं त्या डॉक्टरचं वकीलपत्र घेतलं होतं. तो सुटते का नाही, मले पाहा लागन."

मला रडू आवरेना.

*

गेलो. अण्णांचे थोरले भाऊ, अंजनगावचे, अजून तिथेच होते. आमच्याकडे भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, डोक्यावर पदर आणि तोंड बंद. लग्न होऊन आल्यापासून कुसुमताई त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहा हवा का, हेसुद्धा अण्णांमार्फत विचारायच्या.

कुसुमताईंनी टीव्ही लावला. भासऱ्यांनी रिमोट उचलला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाईले सांगा, वर्षश्राद्ध होईपर्यंत ह्या घरात टीव्ही लागनार नाही. लोक काय म्हनतीन?"

स्क्रीनवर न्यायाधीश येऊन बसले होते. कुसुमताईंनी पदर नीट डोक्यावर ओढला आणि सरळ भासऱ्यांकडे वळल्या.

"भाऊजी, रिमोट हातात हायच, तं आवाज वाढवा जरा."

त्यांनी वाढवला.