चिकाची धार

एम.एस्सी.ला मी स्टार्चचे नॅनोकण बनवत होते. स्टार्चचं द्रावण अल्कोहोलमध्ये ओतलं की दर वेळी गुठळ्या व्हायच्या. सर म्हणाले, "शेवटचं एकदा करून बघ, नाहीतर विषय बदल." ताजा स्टार्च हवा म्हणून मी वडीगोद्रीला कुरडया करणाऱ्या एका बाईंकडे गेले.

त्या एका हातानं उकळत्या पाण्यात गव्हाचा चीक सोडत होत्या, दुसऱ्या हातानं लाटण्यानं ढवळत होत्या. नजर धारेवरून हलत नव्हती.

"स्टार्च मिळेल?" मी हळूच विचारलं.

"आमी चीक म्हणतो त्याला, माय. काय करून राह्यली त्याचं?"

"बारीक कण. पण गुठळ्या होतात."

त्या खळखळून हसल्या. "भसकन ओतत असशील! धार सुतावानी बारीक ठेव, अन् ढवळता हात बिलकुल थांबवायचा न्हाई. आमच्यात नव्या सुनेची परीक्षा हीच."

प्रयोगशाळेत मी तसंच केलं. द्रावण दुधाळ झालं, तळाशी एकही गुठळी नव्हती.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, हे कुणी शिकवलं? बाईंचं नाव विचारायला मी लाजले होते. उत्तर द्यायला मात्र लाजले नाही. मराठीतच म्हणाले, "वडीगोद्रीच्या एका बाईंनी. कुरडया करताना."