सात किलोंचा आजार

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसलात तरी चालेल, आमच्या घरात अजून हसतातच सगळे!

मला वही लिहायची सवय. शिक्षण आठवीपर्यंत, पण वीस वर्षांत एक दिवस सुटलेला नाही. किती वाजता उठलो, धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, पाणी किती, ताटात काय, सगळं लिहितो. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाची गाय कधी व्याली यावर वाद झाला, तर लोक माझी वही बघायला येतात!

दर सोमवारी वजनही लिहितो. चौकातल्या शेठच्या गोदामात मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. चहाला गेलं की त्यावर उभं राहायचं. दसऱ्याला अडुसष्ट. दिवाळीनंतर सदुसष्ट. मग सहासष्ट. मग पासष्ट!

बायकोला वही दाखवली. तिचा चेहरा उतरला.

"अवो, तुमाले आतून काईतरी खाऊन राह्यलं!"

त्या दिवसापासून माझ्या ताटात भाताचा डोंगर. वर तुपाची धार, सोबत दोन अंडी. नको म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी. मग नको कोण म्हणणार?

तरी काटा चौसष्ट!

आणि त्यात पॅन्टचं बटन लागेना. वहीत लिहिलं, "पोटावर सूज. चालताना धाप. वजन उतरतेच आहे." तुम्हीच सांगा, माणूस बारीक होतो आणि पोट फुगतं, हे काय चांगलं लक्षण आहे?

घुग्घुसहून मेव्हणा भेटायला आला. त्यानं मला खालीवर न्याहाळलं.

"भाऊजी, पोटात पानी झालं तुमच्या. आमच्या खाणीतल्या एकाले असंच झालं होतं."

"मंग? बरा झाला तो?"

मेव्हणा नुसता चहाच पीत राहिला हो!

तालुक्याला रक्त, लघवी, सोनोग्राफी झाली. डॉक्टर वजन करा म्हणाले, तर मी म्हणालो, "कशाला? वहीत आहे ना!" रिपोर्ट सगळे साफ. बायको म्हणाली, "साफ म्हंजे काय? सापडून नाई राह्यलं त्याईले." मी गुपचूप वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं, कोणती बांधी कोणत्या पोरीला.

शेवटी बायकोला घेऊन चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वहीची दहा पानं वाचली, डोकं खाजवलं. कंपाउंडर म्हणाला, "चढा भाऊ काट्यावर."

एकाहत्तर!

"मॅडम, तुमचा काटा बिघडला आहे."

"असं?" त्या स्वतः काट्यावर चढल्या, आकडा बघून लगेच उतरल्या. "नाही हो. बरोबर आहे, दुर्दैवानं."

"असं कसं? परवाच चौसष्ट होतं! हे बघा, तारीख टाकली आहे!"

आमचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. कंपाउंडर सिंदेवाहीकडचा, धानपट्ट्यातलाच. तो मध्ये पडला.

"भाऊ, वजन कुठी करता तुमी?"

"शेठच्या गोदामात."

"थो शेठ धान विकते का घेते?"

"घेतो. दिवाळीपासून खरेदी सुरू आहे. काऊन?"

कंपाउंडरनं तोंडावर रुमाल धरला. खांदे मात्र हलत होते.

"घेनाऱ्याचा काटा कमीच दाखवते भाऊ! आवक वाढली का आनखीन कमी! तुमाले बिमारी नाई. त्यानं तुमाले धानाचं पोतं समजून तोललं!"

डॉक्टरबाई खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. "ती सूज नाही, पोट आहे. भात कमी करा. फिरायला जा. बस!"

मीही हसलो. अहो, तीन महिन्यांनी हसलो! बांधी परत माझ्या झाल्या होत्या!

फक्त बायको हसत नव्हती.

"अवो," ती हळूच म्हणाली, "आपलं यंदाचं धान कुठी मोजलं होतं?"

मी वहीकडे हात नेला, पण तिनं ती आधीच उचलली होती. पानं उलटली, बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं,

"बावन्न पोती. शेठच्या गोदामात. मी स्वतः जवळ उभा राहून एकेक पोतं मोजून घेतलं. काटा एकदम चोख."