अक्काचा श्वास

बाबांचे मोठे स्पीकर पेलेल असा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला आज शिवाजीनगरला गेलो. दुकानात जळक्या कॉइलचा वास आला.

लहानपणी बाबांनी मोठे स्पीकर आणून आमच्या जुन्या, लहानशा अ‍ॅम्प्लिफायरला जोडले होते. त्यांच्या गेलेल्या बहिणीच्या, अक्काच्या, भजनाची कॅसेट लावली. आवाज वाढवत नेला तसा हाच वास सुटला, धूर निघाला. बाबा मात्र स्पीकरवर हात ठेवून खांबासारखे उभे. शॉक लागला, असंच वाटलं. "त्यांना शिवू नकोस," म्हणत आईने मेन स्विच पाडला.

बाबा हळूच म्हणाले, "स्वल्प थांबायचंस गं. अक्काचा श्वास ऐकू येत होता."

आता बाबाही नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर जोडून झालाय, कॅसेटही लावलीय. आवाज वाढवायला हात धजत नाही. या भजनात अक्कामागे टाळ धरलेत ते बाबांनीच; आता त्यांचाही श्वास ऐकू येईल.